घड्याळांखालची भेट

पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढाच संसार घेऊन देश पाहत हिंडणाऱ्यांना हल्ली 'बॅकपॅकर' म्हणतात. शब्द नवा असला तरी वृत्ती नवी नाही. खांद्याला पडशी अडकवून, मिळेल तिथे पथारी पसरून तीर्थयात्रा करणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. त्यांच्या पडशीत अनेकदा दुसऱ्याने सोपवलेली एखादी वस्तू असे. ती योग्य हाती पोहोचेपर्यंत यात्रा पुरी झाली असे त्यांना वाटत नसे.

सांगलीचा एक पंचवीस वर्षांचा तरुण एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकाबाहेर उतरला, तेव्हा त्याच्याही सॅकमध्ये अशी एक वस्तू होती. सिडनीहून रात्रभराचा बसप्रवास झाला होता. ऑस्ट्रेलियात येऊन त्याला तीन आठवडे झाले होते आणि या तीन आठवड्यांत सॅकचा एक तृतीयांश भाग आईने दिलेल्या गोधडीने अडवला होता. जुन्या सुती लुगड्यांची, हाताने टाके घातलेली ती गोधडी त्याच्यासाठी नव्हती. "भेटलीच तर ताईला दे," एवढेच आई म्हणाली होती, आणि तेही अप्पा घरात नसताना.

ताईने सहा वर्षांपूर्वी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. घरात सगळे जमलेले होते. फोन उचलला तो याने. पलीकडून तिने त्याला नावाने हाक मारली. त्याने एकदा अप्पांकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता फोन ठेवून दिला. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे ताई नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली, एवढे इकडून तिकडून कानावर आले. सिडनीहून निघण्यापूर्वी, कुणाकडून तरी मिळवलेल्या क्रमांकावर त्याने एक ओळ धाडली होती : 'गुरुवारी मेलबर्नमध्ये आहे.' उत्तर लगेच आले : 'साडेपाच वाजता फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाच्या घड्याळांखाली थांबेन.' त्यावर त्याने काही कळवले नव्हते. जायचे की नाही, हेच ठरत नव्हते.

हॉस्टेलमध्ये खोली दुपारनंतर मिळणार होती. सॅक तिथे ठेवून तो मोकळ्या हातांनी बाहेर पडला. बेताच्या पैशात हिंडणाऱ्याला मेलबर्न हे उदार शहर आहे. शहराच्या मध्यभागात ट्रामला तिकीट लागत नाही आणि रस्ते पहिल्या तासातच ओळखीचे होतात. १८३७ साली रॉबर्ट हॉडल या सर्वेक्षकाने ते पटावरच्या घरांसारखे काटकोनात आखले. मुख्य रस्ते ९९ फूट रुंद आणि त्यांच्यामधले लहान रस्ते ३३ फूट. आज या लहान रस्त्यांत आणि बोळांतच कॉफीची दुकाने आणि रंगवलेल्या भिंती पाहायला माणसे गर्दी करतात.

ट्रामने तो प्रथम क्वीन व्हिक्टोरिया मार्केटला गेला. १८७८ साली सुरू झालेली ही मंडई एके काळच्या दफनभूमीच्या जागेवर उभी आहे, यावर तिथला गजबजाट पाहून विश्वास बसत नाही. मांस नसल्याची दोनदा खात्री करून त्याने पालक आणि चीज भरलेला गरम बोरेक घेतला, उभ्याउभ्याच खाल्ला आणि खर्च वहीत टिपला. रोजचा हिशेब रोज लिहिण्याची शिस्त अप्पांची. ती त्याने परदेशातही मोडली नव्हती.

दहा वाजता राज्य ग्रंथालयाचे दार उघडले. १८५६ पासून सर्वांना खुले असलेल्या या ग्रंथालयातले १९१३ सालचे घुमटाखालचे वाचनालय अष्टकोनी आहे. घुमट सुमारे ३५ मीटर उंच, वरून मंद उजेड पाझरतो आणि मधल्या उंच बैठकीपासून अभ्यासाची मेजे चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली आहेत. १८८० साली या शहरात फासावर गेलेल्या नेड केली या दरोडेखोराचे लोखंडी चिलखतही याच ग्रंथालयात आहे. शेतातल्या नांगराच्या फाळांपासून ते घडवले होते. ते छातीला आणि डोक्याला होते, पायांना नव्हते, आणि अखेर पायांत लागलेल्या पोलिसांच्या गोळ्यांनीच तो कोसळला. माणूस स्वतःला कितीही झाकून घेवो, उघडी जागा राहतेच, असे काहीसे त्याच्या मनात आले.

तिथून चालत तो कार्लटन उद्यानात पोहोचला. हेमंताची चाहूल लागली होती आणि झाडांखाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता. १८८० च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधलेली रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग समोर होती. तिचा आणि ग्रंथालयाचा वास्तुकार एकच, जोसेफ रीड. ९ मे १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाची पहिली संसद याच वास्तूत भरली आणि पुढे १९२७ पर्यंत देशाचा कारभार या शहरातूनच चालला. २००४ साली तिला जागतिक वारसा स्थळाचा मान मिळाला.

स्प्रिंग स्ट्रीटवरच्या जुन्या कोषागारात मात्र तो सर्वाधिक वेळ रेंगाळला. १८५१ नंतर व्हिक्टोरियाच्या खाणींतून निघालेले सोने ठेवण्यासाठी तळघरात भक्कम खोल्या बांधल्या होत्या. आज तिथे संग्रहालय आहे. या देखण्या इमारतीचा आराखडा जे. जे. क्लार्क याने केला तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता, असे तरुणाने वाचले आणि तो थबकला. 'तेव्हा मी लहान होतो,' ही सहा वर्षे जपलेली सबब त्या दगडी भिंतींसमोर उभी राहीना.

दुपारी प्रिन्सेस पूल ओलांडून तो यारा नदीच्या पलीकडे गेला. मूळ रहिवाशांच्या भाषेत या नदीला बिरारुंग म्हणतात. १८३५ साली जॉन वेज या सर्वेक्षकाने वाहत्या पाण्याविषयीचा त्यांचा शब्द नदीचे नाव समजून टिपून घेतला आणि गैरसमजातून आलेले 'यारा' हेच नाव कायम झाले. नीट ऐकून घ्यायला कुणी थांबले नाही, की चूक किती वर्षे चालू राहते!

काठावरून पुढे टेकाडावर श्राइन ऑफ रिमेम्बरन्स हे युद्धस्मारक आहे. पहिल्या महायुद्धात सेवा बजावलेल्यांसाठी ते उभारले गेले आणि १९३४ साली लोकार्पण झाले. गाभाऱ्यासारख्या आतल्या दालनात जमिनीच्या पातळीखाली एक संगमरवरी शिळा बसवली आहे. तिच्यावरची अक्षरे वाचायची तर मान खाली घालावीच लागते. मुद्दाम तशी रचना केली आहे. दरवर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता छतातल्या झरोक्यातून सूर्याचा किरण येतो आणि शिळेवरच्या 'प्रेम' या अर्थाच्या शब्दावरून सरकत जातो. पुढे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची पद्धत आली, तेव्हा वेळ चुकू नये म्हणून आरसे बसवून तो किरण वळवण्यात आला. इतर दिवशी विजेच्या प्रकाशाने तोच प्रसंग दाखवतात. तरुणाने तो पाहिला. सोबतची माणसे निघून गेली तरी तो मान खाली घालून तसाच उभा होता. सूर्य आपली वेळ बदलत नाही, बदल माणसालाच करावा लागतो, हे त्याला कुणी सांगितले नाही. ते समोर दिसत होते.

चार वाजता तो हॉस्टेलवर परतला, सॅक उघडली आणि गोधडी बाहेर काढून काखेत घेतली.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाची इमारत १९१० साली पूर्ण झाली. प्रवेशद्वाराच्या कमानीखाली ओळीने घड्याळे लावली आहेत. प्रत्येक मार्गावरची पुढची गाडी किती वाजता सुटणार, हे ती दाखवतात. १९८३ साली नव्या यंत्रणेसाठी ती काढून टाकली, तेव्हा नागरिक इतके खवळले की ती पुन्हा लावावी लागली. कारण या शहरात भेटायचे ठिकाण म्हणजे 'घड्याळांखाली', हे पिढ्यांपासून ठरलेले आहे.

साडेपाचला अजून वीस मिनिटे होती. ताई पायऱ्यांवर आधीच उभी होती. केस थोडे पिकलेले, खांद्याला कार्यालयाची पिशवी. तिची नजर प्रथम त्याच्याकडे नाही, काखेतल्या गोधडीकडे गेली. हिरव्या काठाचा एक तुकडा तिने बोटांनी चाचपला. आजीच्या लुगड्याचा होता तो.

"ताई, त्या रात्री फोन मी ठेवला होता," तो म्हणाला. दिवसभर जुळवलेली बाकीची वाक्ये त्याला आठवली नाहीत.

"माहीत आहे. तुझा श्वास ओळखू येत होता मला," ती म्हणाली. मग जराशाने, "मला राग आला होता. बरीच वर्षे होता. आज सगळा गेलाय असं नाही म्हणत मी. पण तू आलास."

त्यांच्या डोक्यावर एकेका गाडीची वेळ बदलत राहिली. ती दोघे किती वेळ तिथे उभी होती, याची नोंद कुणी ठेवली नाही. जेवणाचे पैसे ताईने त्याला देऊ दिले नाहीत. त्यामुळे त्या दिवशीच्या वहीत बोरेकपलीकडे फारसे काही लिहायचे उरले नाही.

रात्री त्याने घरी फोन केला. सांगलीत संध्याकाळ होती.

"दिलीस?" आईने विचारले.

"दिली."

"अंगावर घेतली का तिने?"

तो उत्तर देणार, एवढ्यात पलीकडे चालू असलेल्या बातम्यांचा आवाज एकदम बारीक झाला. खोलीत आणखी कुणीतरी ऐकत होते. तो क्षणभर थांबला आणि मग नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात, शब्दन्‌शब्द ऐकू जाईल अशा बेताने, ताईविषयी सांगू लागला.

सहा वर्षांची थकबाकी एका भेटीत फिटत नाही. परंतु पहिला हप्ता भरला गेला की खाते पुन्हा जिवंत होते. पूर्वीचे यात्रेकरू सोपवलेली वस्तू पोहोचती करून हलक्या पडशीने परतत. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघताना त्या तरुणाची सॅकही तशीच हलकी झाली होती.