भायखळा-परळचं देणं

भायखळा आणि परळ ही नावं जोडून मुंबई प्रांताचा एक मतदारसंघ होता, हे आज परळमध्ये जन्म काढलेल्यांनाही फारसं ठाऊक नसतं. 1935च्या कायद्याने प्रांताला 175 जागांची विधानसभा दिली, तिच्यासाठी तो आखला गेला. 1937 आणि 1946 अशा दोन निवडणुका त्याने पाहिल्या. पुढे प्रौढ मताधिकार आला, नव्या सीमा आल्या आणि तो संपला. माझी वकिली आणि आमच्या गावच्या जमिनीचा तुकडा, या दोन्हींपायी मी त्या मतदारसंघाचं देणं लागते, आणि तो ज्यांनी मला दाखवला त्या तात्यांचंही.

तात्या पोयबावडीच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायचे. सगळी नोकरी गिरणीच्या थ्रॉसल, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात गेली. कापड विणण्याच्या, म्हणजे साच्यांच्या खात्यात जास्त मजुरी होती, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्यांना घेत नसत. हे ते मला मोजक्या शब्दांत सांगायचे आणि पुढच्या गोष्टीकडे वळायचे.

जानेवारी 1982मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील घरी, तात्यांचे दोन्ही मुलगे घरी. त्याच साली वसंत मून यांनी संपादित केलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा दुसरा इंग्रजी खंड सरकारने काढला. मुंबई विधिमंडळातली त्यांची भाषणं त्यात आहेत. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्या ओढाताणीच्या दिवसांत त्यांनी तो विकत आणला आणि माझ्या हातात दिला. "बाय, तू कॉलेजात जातेस. वाच, आणि मराठीत सांग." संध्याकाळी गॅलरीत बसून मी एकेक परिच्छेद वाचायचे आणि जमेल तसा मराठीत सांगायचे. अर्थ पोकळ वाटला की ते हात वर करायचे. मग मी डिक्शनरी उघडायची आणि पुन्हा सांगायची. कायद्याची इंग्रजी मी कॉलेजात नाही, त्या गॅलरीत शिकले.

निवडणुकीचा भाग पुस्तकात नव्हता, तो त्यांच्याजवळ होता. 1937 साली सरसकट मताचा अधिकार नव्हता. भाडं, कर, शिक्षण अशा अटी होत्या, त्यामुळे खोली नावावर असलेल्या त्यांच्या वडिलांना मत होतं, तात्यांना नव्हतं. ते होते सतरा-अठरा वर्षांचे, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या प्रचारात दारोदार फिरणारे. पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा, ऑगस्ट 1936मध्ये स्थापन झालेला. परळच्या दामोदर हॉलमधून बाबासाहेबांचं काम चाले. मतदारसंघात एकापेक्षा जास्त जागा होत्या आणि जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाला. ती वाटून द्या, नाहीतर सगळी एकालाच द्या. हे लोकांना कसं समजावलं असं मी विचारलं, तेव्हा तात्यांनी पानाचा डबा उघडला. सुपारीची खांडं आधी दोन-तीन वाट्यांत टाकून दाखवली, मग सगळी उचलून एकाच वाटीत ओतली आणि ती माझ्यापुढे सरकवली. पुणे कराराने राखीव जागा दिल्या होत्या, पण मतदान सर्वांचं एकत्र. थोड्या माणसांना आपला माणूस निवडून आणायचा तर ही ओतलेली वाटीच कामाची होती. फेब्रुवारीत बाबासाहेबांना 13,245 मतं पडली. हा आकडा छापील मिळतो, त्यामागे किती घरांतून किती वेळा ती वाटी भरली गेली हे कुठे छापलेलं नाही.

त्यांच्या विरोधात काँग्रेसचे उमेदवार होते पाळवणकर बाळू. डावखुरे फिरकी गोलंदाज, 1911च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेले. जातीमुळे हिंदू क्रिकेट संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. पुढे ते त्यांच्या धाकट्या भावाने, विठ्ठलने मिळवलं. बाळूंचा मान बाबासाहेबही ठेवत. त्यांना 11,225 मतं पडली. तात्या त्यांच्याविषयी वाईट शब्द काढू द्यायचे नाहीत. आपल्यातल्या दोन मोठ्या माणसांना एकाच जागेसाठी उभं राहावं लागलं, याचं त्यांना अखेरपर्यंत दुःख होतं. मलाही ती लढत वाचताना विजयापेक्षा ते दुःखच जास्त जाणवतं.

निवडून गेल्यावर या आमदाराने काय केलं? 17 सप्टेंबर 1937 रोजी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. परळच्या आमदाराला कोकणातल्या खोताशी काय कर्तव्य, असं कोणी विचारेल. पण गिरणगाव म्हणजे निम्मं कोकणच होतं. माझे आजोबा रत्नागिरीकडचे कुणबी, खोताचं कूळ. पिकलेल्यातला वाटा खोताला द्यायचा, वर त्याच्या घरी वेठीला जायचं, म्हणून त्यांनी मुंबई गाठली. 10 जानेवारी 1938 रोजी कोकण-देशावरचे शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. विधेयक मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 साली, आणि तेव्हा आजोबांच्या नावावर जमीन लागली. तो मुद्दा विधिमंडळात मांडणारा माणूस तिथे पोचला तो तात्यांच्या वडिलांसारख्यांच्या मतांवर. आमच्या घरात हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. मला ते तात्यांमुळे कळलं, आणि मी ते माझ्या वडिलांना सांगितलं.

आम्ही सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो ते 1938च्या औद्योगिक कलह विधेयकावर. काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळाचं हे विधेयक संपावर बंधनं घालणारं होतं. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचा भाग आहे, अशी बाबासाहेबांची मांडणी. 7 नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला, संध्याकाळी कामगार मैदानावर बाबासाहेब आणि कम्युनिस्ट नेते डांगे एका व्यासपीठावर आले. त्या गर्दीत तात्या होते. वाचता वाचता ते मला थांबवून मैदानावर कोण कुठे उभं होतं ते सांगायचे. कायदा मात्र झालाच. त्याची जागा पुढे 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने घेतली, आणि 1982च्या संपात आमच्या घरच्यांची एक मोठी मागणी होती ती हाच कायदा रद्द करण्याची. एका उद्योगात एकाच युनियनला बोलण्याचा अधिकार देणारी त्यातली तरतूद कामगारांचा गळा आवळत होती. हे धागे जुळताना पाहिले आणि लॉ कॉलेजचा फॉर्म भरला. फॉर्मचे पैसे तात्यांनी दिले, मुलगे संपावर असताना.

1946च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या नव्या पक्षाचा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला. बाबासाहेब बंगालमधून घटना समितीत गेले. फाळणीत ती जागा गेली, तेव्हा जुलै 1947मध्ये मुंबईच्याच विधानसभेने त्यांना पुन्हा पाठवलं. 1952च्या पहिल्या लोकसभेला उत्तर मुंबईत ते 14,561 मतांनी हरले. तोवर भायखळा-परळ हे नाव याद्यांतून गेलेलं होतं. आज भायखळा वेगळा मतदारसंघ आहे, परळ शिवडीत मोडतं.

तात्या गेले तेव्हा माझी सनद नुकतीच आली होती. खंड त्यांच्या मुलांनी मला दिला. माझ्या ऑफिसात कामगार कोर्टाचं काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी कायद्याच्या पुस्तकाआधी त्यातलं 1938चं भाषण वाचायला देते, आणि मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लावते.