शाल-श्रीफळाची मजुरी

महिन्यातून एकदा कोरेगाव, पुसेगाव मागे टाकून मी वडूजला जातो. तेथे आपल्या लोकांची घरे मोजकीच. एखाद्या घरी सारे जमतात, मिस्सा होते, चहा होतो आणि नंतर ज्याच्या मनात जे असेल ते तो बोलून मोकळा होतो. गेल्या वर्षी लग्नसराई संपून आषाढ लागला होता. ज्या घरी मिस्सा झाली, त्या घरच्या माउलीने मला थांबवून घेतले. म्हणाली, "फादर, पोरगं मुंबईला जातो म्हणतंय. महिन्याला २८ हजार देत्यात म्हणं. जाऊ द्यावं का नको, तुम्हीच सांगा."

मुलगा २६ वर्षांचा. वडील नाहीत, धाकटी बहीण कॉलेजात. चित्रफितींचे संकलन हा त्याचा व्यवसाय. लग्नघरात दोन-तीन कॅमेऱ्यांनी टिपलेले आठ-दहा तासांचे चित्रण त्याच्याकडे येते. साखरपुडा, हळद, अक्षता, पाठवणी यांतून निवडायचे, कापायचे, जोडायचे, आवाज जुळवायचा आणि त्यातून तासाभराची चित्रफीत उभी करायची, हे त्याचे काम. एका लग्नाला पाच-सहा दिवस जातात आणि ६,००० रुपये ठरतात.

मी त्याला वही आणायला सांगितले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. परंतु माणसाच्या अडचणीचे खरे स्वरूप बहुधा त्याच्या जमाखर्चाच्या वहीतच सापडते, हे मी धर्मग्रामात आल्यावर शिकलो.

वर्षाची २५ लग्ने म्हणजे १,५०,००० रुपये. वाढदिवस, दुकानांच्या जाहिराती, बैलगाडी शर्यती यांचे मिळून ४०,०००. एकूण १,९०,०००. आकडा ऐकून माउलीचा चेहरा खुलला. पण खर्चाची बाजू अजून लिहायची होती. संगणकाचा हप्ता महिन्याला ४,५००, म्हणजे वर्षाचे ५४,०००. वीज, इंटरनेट, चित्रण साठवण्याच्या डिस्क यांचे १८,०००. राहिले १,१८,०००; महिन्याला सुमारे ९,८००.

येथे मला 'प्रभात'ची आठवण झाली. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास गेलेली ही कंपनी आपल्या कलावंत-कारागिरांना मासिक पगारावर ठेवीत असे. कात्री कंपनीची, टेबल कंपनीचे, फिल्म कंपनीची. त्याच आवारात १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेथे संकलन हा शिकण्याचा विषय झाला. आज वडूजचा मुलगा आपल्या घरच्या खोलीत हेच काम करतो. पण कात्रीचे पैसे त्याने स्वतः भरलेले असतात. म्हणून त्याची कमाई सांगताना आधी हप्ता वजा करावा लागतो.

मग मुंबईचे पान लिहिले. नालासोपाऱ्याला चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचा वाटा ५,०००, खानावळ ४,५००, कामावरचा चहा-नाश्ता २,०००, लोकलचा पास आणि रिक्षा १,५००, कपडे, औषध, फोन २,०००. एकूण १५,०००. घरी दोघींसाठी ७,००० पाठवायचे. हाती ६,००० उरणार. वडूजला घर स्वतःचे, ज्वारी शेतातली; तिघांचा खर्च ९,०००. हाती उरणार अवघे ८००.

"म्हणजे मुंबईच बरी, फादर," तो म्हणाला.

"आज बरी," मी म्हणालो. "पण लग्न झाल्यावर? आईला, बायकोला तेथे नेलेस तर?"

तो गप्प राहिला. एका कुटुंबाची खोली, तिची अनामत, चार माणसांचा किराणा, हे मांडले की २८,००० महिना संपण्याआधीच संपत होते. तो पगार एकट्या माणसाचा होता, कुटुंबाचा नव्हता.

माण-खटावला हे गणित नवे नाही. येथून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपली, खानावळीत जेवली आणि गावी मनिऑर्डर पाठवीत राहिली. मुले वडिलांना शिमग्याला आणि यात्रेला पाहात. १९८२ च्या संपाने त्यांतील पुष्कळांना परत गावी आणले. परंतु एवढ्या वर्षांच्या ताटातुटीचा हिशेब कोणत्याही पगारपत्रकात नव्हता.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरूम नोवारूम' या परिपत्रकात सांगितले की, मजूर आणि मालक यांनी आपखुशीने एखादा दर ठरवला म्हणून तो न्याय्य होतोच असे नाही; कष्टकऱ्याचा त्यावर निर्वाह झाला पाहिजे. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी हा विचार पुढे नेला. कुटुंब उभे करता यावे, ते नीट चालावे आणि उद्याची थोडी शाश्वती असावी एवढे वेतन, असे न्याय्य वेतनाचे माप त्यांनी दिले. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव का घेतले, हे सांगताना याच परिपत्रकाचा उल्लेख केला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमापुढे उभ्या राहिलेल्या नव्या आव्हानांकडे लक्ष वेधले. यंत्रच उद्या आपोआप चित्रफीत कापू लागेल, ही भीती वडूजच्या त्या मुलानेही मला बोलून दाखवली होती.

पण वहीत अजून एक पान होते. 'बाकी' असे वर लिहिलेले. चित्रफीत नेली, पाहिली, नातेवाइकांना दाखवली. पण उरलेले पैसे 'पुढच्या आठवड्यात'. बेरीज ४६,००० रुपये. ती वजा केली तर वर्षाचे ७२,०००, महिन्याचे ६,०००. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे सुमारे २३० रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे मुलाला वडूजमधून घालवणारी गोष्ट वडूजचा दर नव्हती. थकलेली बाकी होती. ती मिळाली असती तर ९,८०० रुपयांत घर कसेबसे का होईना चालत होते.

मी त्या पानावरील नावे वाचीत गेलो आणि एकाएकी थबकलो. त्यात आमचे नाव नव्हते. दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाची चित्रफीत याच मुलाने केली होती.

"आणि आमच्या कामाचे?" मी विचारले.

"ते देवाचं काम, फादर," तो म्हणाला. त्या उत्तरात कोठेही टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

परत आल्यावर मी महोत्सवाच्या हिशेबाची फाइल काढली. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली होती. ध्वनिक्षेपक, फुले, आचारी, छपाई, सर्वांच्या पावत्या होत्या. संकलकाच्या नावापुढे एकच नोंद होती : शाल व श्रीफळ, ३५० रुपये. शाल मीच त्याच्या खांद्यावर घातली होती आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या कामासाठी तो ११ रात्री जागला होता.

असे का झाले? मंडप दिसतो, फुले दिसतात. संकलन जितके चांगले, तितके ते दिसत नाही. कोठे कापले हे प्रेक्षकाला कळले नाही, यातच त्याची कसोटी. न दिसणाऱ्या कामाचे मोल विसरायला मग वेळ लागत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोके पाडीत, ती धुण्याच्या कामात हात लावीत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. आपल्याकडच्या चित्रपटाच्या पहिल्या पावलापासूनच हे अदृश्य हात बिनपगारी राहिले आहेत.

धर्मग्राम मंडळाच्या सभेत मी विषय ठेवला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फादर, त्याने मागितले तरी होते का?" प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना संत याकोबाच्या पत्राची आठवण दिली. अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी पोहोचतो, असे त्यात म्हटले आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे गरीब मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी द्यायचा असतो. आमचा सूर्य मावळून दोन वर्षे झाली होती. सभेने त्याच्याच दराने ११,००० रुपये मंजूर केले.

पुढच्या फेरीत पाकीट घेऊन गेलो. त्याने ते घ्यायला आढेवेढे घेतले. मी म्हणालो, "अरे, हे दान नाही. पावती दे." त्याने वहीचा कागद फाडला आणि विचारले, "पावती कशी लिहायची, फादर?" इतक्या वर्षांत त्याच्याकडे कोणी पावती मागितली नव्हती.

माउलीच्या प्रश्नाला मी होय किंवा नाही म्हटले नाही. यंदाचा लग्नाचा मोसम संपेपर्यंत तो थांबणार आहे. पुढचे त्याचे त्याने ठरवावे. परंतु तो निर्णय त्याच्या एकट्याच्या हाती नाही, काही अंशी आपल्याही हाती आहे. आपल्या घरी या वर्षी मंगलकार्य असेल, तर चित्रफीत हाती घ्याल त्याच संध्याकाळी बाकी चुकती करा. आणि माझ्यासारखा एखादा धर्मगुरू 'देवाचे काम' म्हणून कोणा तरुणाला रात्र रात्र जागवू लागला, तर मजुरीचे काय ठरले, हे त्यालाही अगोदरच विचारा.