नाण्यावरचे अन्न, ताटातले अन्न

घरात जुनी नाणी असतील तर एकदा उलटसुलट करून पाहावीत. १९७० च्या पितळी रंगाच्या वीस पैशांवर ‘सर्वांसाठी अन्न’ या अर्थाचे शब्द आहेत. १९७३ च्या पन्नास पैशांवर ‘अधिक धान्य पिकवा’, १९७६ च्या पाच आणि दहा पैशांवर ‘सर्वांसाठी अन्न आणि काम’, तर १९८० च्या पंचवीस पैशांवर ग्रामीण स्त्रियांच्या प्रगतीचा संदेश. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६८ पासून देशोदेशीच्या सरकारांना अशी नाणी काढण्याचे आवाहन केले होते. वर्तमानपत्र न वाचणाऱ्याच्याही हातात नाणे जातेच.

माझ्या आईच्याही हातात ती गेली. तिला अक्षरओळख नव्हती. आकार आणि वजन यांवरून ती नाणे ओळखायची. त्यावर काय लिहिले आहे, हे तिला कोणी सांगितले नाही. १९७२ च्या दुष्काळात, लग्नाआधी, ती खडी फोडायला जात होती. पुढच्याच वर्षी ‘अधिक धान्य पिकवा’ हे नाणे निघाले. पुढे जन्मभर तिने दुसऱ्याच्या शेतात धान्य पिकवले. आपल्या चुलीसाठी मात्र ती ते पायलीने विकत घ्यायची.

बंधू-भगिनींनो, नाणे दाखवून कोणी दुकानदाराकडे धान्य मागू शकत नाही. कायदा दाखवून मागता येते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव असावे, असे हाच कायदा सांगतो. हक्काचे धान्य मिळालेच नाही, तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूदही त्यात आहे.

आमच्या वस्तीत रविवारी आम्ही काही जण लोकांचे अर्ज भरून देतो. कुठे नव्या सुनेचे नाव चढलेले नसते, कुठे तीन वर्षांच्या नातवाचे. तेवढ्या माणसांचे धान्य महिन्यामागून महिने बुडते.

म्हणून आज रात्री जेवायला बसण्याआधी कार्डावरची नावे मोजा आणि ताटे मोजा. आकडा जुळत नसेल तर उद्याच अर्ज द्या. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.