मळमळ केव्हा येते, ते पाहा

घरात कोणाला उमासे येऊ लागले की ठरलेले उत्तर तयार असते, "पित्त झालंय, कोकम घे." एखाद्या दिवसाची मळमळ कोकमाने, साळीच्या लाह्यांनी भागतेही. पण महिनोन् महिने तीच तक्रार परत परत येत असेल, तर 'पित्त' म्हणून गप्प बसू नये. मळमळ हा स्वतः रोग नव्हे, ती कसली तरी वर्दी असते. ती कुठून आली, हे शोधावे लागते.

आमच्या आत्याबाईंचेच सांगते. त्यांचे गुडघे दुखत. बाजाराच्या दिवशी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, सकाळी एक आणि खुरपणीहून आल्यावर एक घ्यायची. अशी पाच-सहा वर्षे गेली. मग रोज सकाळी मळमळ सुरू झाली, अन्नावरची वासना उडाली. साऱ्यांनी पित्त ठरवले. पायांवर सूज आली तेव्हा कुठे मुलाने तालुक्याला नेऊन रक्त तपासून घेतले. क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजे मूत्रपिंडे थकली होती. मूत्रपिंडांचे काम मंदावले की एरवी लघवीवाटे जाणारी घाण रक्तात साठते आणि पोटात ढवळू लागते. त्या गोळ्या बंद झाल्या, पण मूत्रपिंडांचे गेलेले बळ परत आले नाही. आज त्या पथ्यावर आहेत. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या फार दिवस पोटात गेल्या तर जठरातही जखमा होतात, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की मळमळ केव्हा येते ते पाहा.

तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन मळमळत असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर येत असतील, तर आम्लपित्त किंवा जठराची सूज असू शकते. अर्धे डोके ठणकते, उजेड सोसवत नाही आणि उमासे येतात, ही बहुधा अर्धशिशी. सुनेची पाळी चुकली असेल, तर आधी दिवस राहिले आहेत का ते पाहावे आणि तोवर मनाने कोणतीही गोळी देऊ नये.

मशेरी लावल्यावर गरगरते का? तंबाखूतले निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते. निपाणी भागात तंबाखूचे पीक घेतात. तिथल्यासारख्या शेतात दवाने ओल्या पानांत हात घातले, तर हेच निकोटिन कातडीतूनही आत शिरते आणि मळमळ, ओकाऱ्या, चक्कर येते. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घातले तर बराच बचाव होतो.

एखादी नवी गोळी सुरू झाल्यापासून त्रास आहे का? साखरेच्या आजारावरची मेटफॉर्मिन आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या यांनी काहींना मळमळते. त्या परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, ते घेण्याची वेळ किंवा मात्रा बदलून देतात.

फवारणीच्या दिवशीच मळमळते का? मग ते पित्त नव्हे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. मळमळीबरोबर घाम सुटला, लाळ गळू लागली, नजर धूसर झाली, तर पंप खाली ठेवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि तडक दवाखाना गाठा. औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. कोणते विष आहे ते कळले की डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

आणि ओकारीत रक्त, डांबरासारखे काळे शौच, पिवळे डोळे, उतरत चाललेले वजन, किंवा छातीत दुखून घाम येणे, यांतले काहीही दिसले तर एक दिवसही थांबू नका.

मायबहिणींनो, आपले दुखणे आपण चुलीमागे ठेवतो. सुगी होऊ दे, पाहुणे जाऊ दे, म्हणत वर्ष निघून जाते. एक सोपे काम करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मळमळीच्या दिवशी खूण करा. वेळ, त्याआधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, शेतात काय काम केले, तेवढे चार शब्दांत लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा. महिनाभराने ते पान आणि घरातल्या साऱ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. रक्त आणि लघवी तपासायला सांगितली तर टाळू नका. रोग लवकर सापडला तर मूत्रपिंडासारखे अवयव वाचवायला वेळ मिळतो.