बाबांचा फॉण्ट

ग्राफिक डिझायनर असण्याचा सगळ्यात मोठा तोटा माहितीये? नातेवाईक! मावसभावाच्या लग्नाची पत्रिका, पुतणीच्या बारशाचं कार्ड, सोसायटीच्या गणपतीचा बॅनर, आत्याच्या मसाल्यांची लेबलं... 'तुझं काय, दोन मिनिटांचं काम!' असं म्हणत ऑर्डर येते. बिल कधीच निघत नाही, करेक्शन्स मात्र निघतात. त्यात आम्ही भोसरीचे. वाढदिवसाचा फ्लेक्स नसेल तर इथं चौक ओकाबोका वाटतो. कॉलेजात असताना माझ्या कित्येक संध्याकाळी कुणा ना कुणा 'भाऊं'चा गॉगलवाला फोटो कट करण्यात गेल्यात.

तरीही खरं सांगू? दिवसभर ऑफिसात क्लायंटचा लोगो दोन मिलिमीटर डावीकडे-उजवीकडे केल्यावर रात्री माऊस आपोआप घरच्या फोल्डरकडे वळतो. गेली दोन वर्षं त्या फोल्डरमध्ये एकच काम होतं. बाबांच्या अक्षराचा फॉण्ट.

बाबा टर्नर. एमआयडीसीत जे ब्लॉकमध्ये भाड्याच्या गाळ्यात त्यांचे दोन लेथ होते. बुश, पिना, स्पेसर असे छोटे छोटे जॉब करायचे. इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आमच्या शाळेची रविवारी. त्यामुळे बाबा आणि आम्ही दोघी बहिणी एकाच दिवशी घरी, हा योग दिवाळीलाच यायचा. 2021 मध्ये त्यांनी गाळा सोडला. पुढच्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला आणि डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची त्यांनी सवय करून घेतली. पण बँकेत सही जुळेना, तेव्हा घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

या आजारात अक्षर नुसतं कापत नाही. लिहिता लिहिता ते बारीक होत जातं. ओळ सुरू होते तेव्हा वाचता येतं, संपेपर्यंत मुंग्या!

आणि बाबांचं मूळचं अक्षर कसं, तर ड्रॉइंगमधून काढल्यासारखं. माळ्यावर त्यांची जुनी डिलिव्हरी चलनाची बुकं सापडली, 1994 ची. कार्बन कॉपीवरसुद्धा 'बुश – 200 नग' इतकं ठसठशीत, की मी ती पानं तिथंच माळ्यावर बसून वाचत राहिले. ठरवलं, हे अक्षर जपायचं.

घरात अक्षर वाढवण्याची आपल्याकडे छान उदाहरणं आहेत. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती ज्यांच्या अक्षरांवरून लांबून ओळखू यायच्या, त्या कमल शेडगेंनी मुलाचं नावच 'अक्षर' ठेवलं. तोही पुढे याच कलेत रमला. शेडगे 2020 च्या जुलैमध्ये गेले. त्यांची ती जाहिरातीतली अक्षरं आजही डोळ्यांसमोर जशीच्या तशी येतात.

बाबांना मात्र हे सगळं 'रिकामे उद्योग' वाटत होतं. मग त्यांना निर्णयसागरची गोष्ट सांगितली. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत काढलेला हा छापखाना. तिथल्या सुंदर देवनागरी टाइपामागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. पोलादाच्या पंचवर उलटं अक्षर कोरायचं, तो पंच तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतून खिळे पाडायचे. बाबा ऐकता ऐकता सरळ बसले. म्हणाले, "अगं, मग हे टूलरूमचंच काम की!"

बस. तिथून पुढे ते कामाला लागले.

इंग्रजीत कॅपिटल-स्मॉल मिळून 52 अक्षरं काढली की बरंचसं काम होतं. मराठीत व्यंजनं, काना-मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार असं करत आकडा काही शेकड्यांत जातो. एकेक अक्षर स्कॅन करायचं, कडा साफ करायच्या, शिरोरेषा जुळवायची. शिरोरेषेला बाबा 'डेटम लाइन' म्हणायचे. रेघेची जाडी बघायला चक्क व्हर्निअर घेऊन प्रिंटआउटवर बसायचे. "या 'क'चा दांडा जास्त आहे. टॉलरन्स किती धरलायस?" माझ्या आर्ट डायरेक्टरनं इतकं कधी पिडलं नाही!

अडचण वेगळीच निघाली. चलनात शाफ्ट असतो, फ्लँज असतो, पण ऋषी कुठून येणार? 'ऋ' नाही, 'ढ' नाही, 'ज्ञ' नाही. अशी सात अक्षरं अख्ख्या बुकात नव्हती. ती आज लिहायची होती. आजच्या हातानं.

इथं आमचं वाजलं. मला ती थरथर हवी होती. आजच्या डिझाइनमध्ये त्याला 'कॅरेक्टर' म्हणतात. बाबांचं म्हणणं, "रिजेक्ट माल मी कधी गेटबाहेर पाठवला नाही." मी म्हटलं, मग कॉम्प्युटरवर सरळ करून घेते. तेही नको. "मग ते तुझं अक्षर झालं."

शेवटी सकाळची गोळी लागू पडली की जो तासभर हात बरा असतो, त्या वेळात ते लिहायला बसले. रोज एकच अक्षर. एकट्या 'ज्ञ'नं आठ दिवस घेतले. पान भरलं की चष्मा लावून तपासणी, आणि पास झालेल्या अक्षराभोवती लाल गोल. बाकीचं स्क्रॅप. आई म्हणायची, "आमच्या रांगोळीला कुणी असा गोल केला नाही." (तिच्या ठिपक्यांच्या वहीचा नंबर पुढचा आहे, तिला सांगितलंय.)

ऑफिसातल्या मैत्रिणींनी सुचवलं, पोर्टफोलिओत टाक, अवॉर्डला पाठव, ऑनलाइन विक. नाही टाकला. दिवसातले नऊ-दहा तास मी जे काही काढते ते कुणाला तरी काहीतरी विकण्यासाठीच असतं. एक गोष्ट तरी अशी असू दे, जिला कुणी 'लाइक' करण्याची गरज नाही.

फॉण्ट तयार झाला त्या रात्री लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप करायला सुरुवात केली. अर्धा तास लागला. स्क्रीनवर 1994 च्या अक्षरात उमटलं होतं : 'जॉब – फॉण्ट. नग – 1. माल तपासून दिला आहे.'

तुम्हालाही करायचंय?

* जुन्या वह्या, पत्रं, हिशोबाच्या डायऱ्या आधी स्कॅन करा. 600 डीपीआय ठेवा, कागद पिवळा असला तरी चालतो.
* न सापडलेली अक्षरं त्याच व्यक्तीकडून, तशाच पेनानं लिहून घ्या. एका बैठकीत दमवू नका.
* फॉण्टफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पूर्ण फॉण्ट झेपत नसेल तर घराच्या पाटीवरच्या आडनावापासून सुरुवात करा.
* आणि हो, 'बघू पुढच्या वर्षी' म्हणू नका. या कामाची डेडलाइन क्लायंट देत नाही.