रविवार, पप्पा आणि बँकर

रविवार! समस्त होस्टेलवासीयांचा राष्ट्रीय सण! जर्नल्स 'उद्या बघू' म्हणून बाजूला पडतात, मेसच्या भाजीला रामराम होतो आणि मेगाब्लॉकला शिव्या घालत सगळ्या स्वाऱ्या मॉलकडे निघतात. एसी फुकट, विंडो शॉपिंग फुकट, महाग काय तो पॉपकॉर्न! दोन वर्षं माझेही रविवार असेच गेले.

त्या रविवारी मात्र पप्पा इगतपुरीहून पंचवटीने येणार होते. मैत्रिणींना मी सांगितलं, "गावाहून एक काका येताहेत." काका! असं का म्हणाले कुणास ठाऊक... नाही, ठाऊक आहे. माझं कॉन्व्हेंटचं फाडफाड इंग्लिश आणि पप्पांची कापडी पिशवी मला एका फोटोत नको होती.

पप्पा रेल्वेत ड्रायव्हर. हल्ली लोको पायलट म्हणतात. त्यांची बरीच वर्षं बँकरवर गेली. बँकर म्हणजे बँकेतला साहेब नव्हे हं! कसारा ते इगतपुरी थळ घाट लागतो. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, ते बँकर. इगतपुरी आली की ती सुटतात आणि परत खाली जातात. गाडीतल्या कुणाला पत्ताही नसतो.

सीएसएमटीला उतरल्यावर पप्पा स्टेशनाबाहेर पडेचनात! तिथल्या हेरिटेज गल्लीत 'सर लेस्ली विल्सन' हे १९२८ सालचं विजेचं इंजिन ठेवलंय. लांब नाकामुळे या जातीच्या इंजिनांना 'मगर' म्हणायचे. आपल्याच घाटात राबलेली ही जात! पप्पा त्याच्यावरून हात फिरवत म्हणाले, "काय इंजिनिअरबाई, जादा इंजिन पुढेच का नाही लावत?"

मी ट्रॅक्टिव्ह एफर्ट वगैरे सुरू केलं. ते हसले. "पुढून सगळं ओढलं तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर फार ताण येतो. मागून ढकललं की तो वाटला जातो. आणि कपलिंग तुटलंच, तर डबे मागे घरंगळू नयेत म्हणून आम्ही असतो."

चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये हे असं कुणी सांगितलं नसतं.

मग पायीच भटकलो. १८८८ सालची स्टेशनची इमारत त्यांनी रस्त्यापलीकडून मान वर करून पाहिली. हुतात्मा चौकात फूटपाथवरची जुनी पुस्तकं चाळली. ओव्हल मैदानावर एकाच वेळी इतक्या मॅच चाललेल्या, की कुणाचा बॉल कुणाकडे जातोय कळेना! तिथेच, राजाबाई टॉवरकडे तोंड करून, पिशवीतली भाकरी-ठेचा खाल्ला.

मरीन ड्राइव्हला बसलो होतो आणि फोन वाजला. मैत्रिणीचा आवाज खणखणीत : "अगं, तुझे काका गेले का? पिक्चरला येतेस?"

पप्पांनी ऐकलं. थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जा ना तू. मी बसतो स्टेशनवर गाडीपर्यंत."

मी गेले नाही. पण 'ते काका नाहीत' हेही फोनवर बोलले नाही.

रात्री त्यांचा मेसेज आला : 'कसाऱ्याला बँकर लागला. जेवलीस का?'

मैत्रिणींनो, म्हणून हे इथे लिहितेय. ते काका नव्हते, माझे पप्पा होते. पुढच्या रविवारी परत येताहेत. मॉल राहू दे, आमच्याबरोबर चला. भाकऱ्या जास्त आणायला सांगते!