तंबूत बाळ, डोक्यावर सुरैया

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर सोडलं की पुढचं स्टेशन वांगणी. मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी इथे येतात आणि मोकळ्या जागी दुर्बिणी लावून रात्र जागवतात.

माझी धाकटी बहीण लग्नाआधीपासून या रात्रींना जायची. मुलगी झाली आणि ते थांबलं. गेल्या डिसेंबरात, मुलगी आठ महिन्यांची असताना, ती म्हणाली, "आपा, या वेळी जायचंय. बाळाला घेऊन." अम्मीने लगेच बजावलं, "एवढ्याशा जिवाला थंडीत उघड्यावर न्यायचं? शौक नंतरही करता येतात." अम्मीची काळजी खोटी नव्हती. पण 'नंतर' म्हणून बाजूला ठेवलेले शौक किती बायकांच्या हाती परत येतात, हे आपण आपल्या घरांत पाहतोच.

बहिणीने आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारलं, मग तयारी केली. तंबूखाली ताडपत्री, वर चटई आणि जाड गोधडी. बाळासाठी छोटी मच्छरदाणी. अंगात एकावर एक सुती कपडे, वर स्वेटर; बाहेर काढताना कानांवर टोपडं. झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ सैल पांघरूण ठेवायचं नाही. बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह मुळीच पेटवायचा नाही. त्याचा विषारी वायू जीव घेतो. थर्मासमध्ये गरम पाणी घेतलं. दुर्बिणीपाशी पांढरा उजेड चालत नाही, कारण अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावला. त्याच उजेडात लंगोट बदलले. बाळ रडलं तरी इतरांना त्रास नको, म्हणून तंबू दुर्बिणींपासून जरा दूर ठोकला.

इशा झाल्यावर मेहुण्यांनी आणि मी पाळ्या लावून घेतल्या. बहिणीला पाळी नव्हती. दूध पाजायचं तेवढं तिच्याकडे.

दहाच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर आल्या. आपल्या घरांत मुलींचं 'सुरैया' हे नाव असतं, ते याच तारकापुंजाचं. तिच्यामागून येणारी लालसर रोहिणी म्हणजे अल्-दबरान, 'मागून येणारा'. मृगातला रायजेल हा तारा म्हणजे अरबीतला 'रिज्ल', पाय. देवयानीतला धूसर ठिपका दुर्बिणीतून पाहिला. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी इ.स. 964 च्या सुमारास लिहिलेल्या ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची लहानसा ढग म्हणून नोंद आहे. तो ढग म्हणजे दुसरी दीर्घिका, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. मी वर्षानुवर्षं मुलांना उर्दू शिकवते, पण हे शब्द आकाशात लिहिलेले त्या रात्री पहिल्यांदा पाहिले.

दोनच्या सुमारास बाळ उठलं आणि मोठ्याने रडलं. बहीण तेव्हा मृगातला तेजोमेघ पाहत होती. मेहुण्यांनी बाळाला खांद्यावर घेतलं, फेऱ्या मारल्या आणि तिचं पाहून झाल्यावरच तिला हाक दिली. ती आली, पदराखाली बाळाला घेतलं. तंबूचं दार अर्धं उघडं होतं. पाजता पाजता ती बाहेर आकाशाकडेच पाहत होती.

शहरात फजरची वेळ आपण छापील तक्त्यात बघतो. इथे पूर्वेला क्षितिजावर आडवी पसरत जाणारी सुब्ह-सादिक डोळ्यांनी पाहिली आणि दवाने ओल्या झालेल्या चटईवर नमाज पढली.

सामान आवरताना अम्मीचा फोन आला. "बाळ कसं आहे?" बाळ गाढ झोपलेलं होतं, हातपाय उबदार होते. "अल्हम्दुलिल्लाह," अम्मी म्हणाली आणि जरा थांबून विचारलं, "काय काय दिसलं गं?"

जमलेल्यांत आणखी एक तरुण आई होती. तिचं मूल आजीकडे होतं. निघताना तिने आमच्या तंबूत डोकावून पाहिलं आणि बहिणीला विचारलं, "पुढच्या वेळी यात अजून एक बाळ मावेल का?"